ग्राफिक्स मॉड्यूलसोबत कोणत्या लायब्ररी द्यायच्या आणि कोणत्या नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी भाषेत लिहिलेलं पायथनचं ग्राफिक्स मॉड्यूल आहे. त्याखाली विंडो, चित्रं आणि मजकूर हाताळणाऱ्या एसडीएल २, एसडीएल इमेज, एसडीएल टीटीएफ आणि त्यांच्यामागून येणाऱ्या झेडलिब, लिबपीएनजी, लिबजेपेग-टर्बो, लिबवेबपी, फॉन्ट वाचणारी फ्रीटाइप, अक्षरजुळणी करणारी हार्फबझ अशा लायब्ररी आहेत. वापरणाऱ्यानं पिपची एक कमांड द्यावी आणि काम सुरू व्हावं एवढीच अपेक्षा. पण सगळ्या लायब्ररी व्हीलमध्ये, म्हणजे पिप उतरवून घेतं त्या तयार पॅकेज फाइलीत, भरूनही काही लिनक्स मशिनांवर विंडो उघडत नाही, काहींवर पीएनजी दिसते पण वेबपी दिसत नाही, विंडोजवर इम्पोर्टच अडतो, आणि मराठी मजकुरात 'कि' लिहिलं तर वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर जाऊन बसते.

'सगळ्या लायब्ररी भरल्या' इथेच गडबड आहे. व्हीलमध्ये काय जावं याची सीमा आधी ठरवा. जी लायब्ररी बाइट्स घेते आणि बाइट्स देते ती तुमची: पीएनजी उलगडणं, जेपेग उलगडणं, फॉन्टमधून अक्षराची आकृती काढणं, जोडाक्षर जुळवणं. जी लायब्ररी त्या मशीनच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी, डेस्कटॉपशी किंवा साउंड सर्व्हरशी बोलते ती त्या मशीनची. ती तुम्ही द्यायची नाही. लिबजीएल, लिबईजीएल, व्हल्कनचा लोडर, लिबडीआरएम, एक्स११च्या लायब्ररी, वेलँड, अल्सा, पल्सऑडिओ या सगळ्या दुसऱ्या गटात येतात.

कारण साधं आहे. लिबजीएल स्वतः चित्र काढत नाही, ती मशीनवरचा मेसाचा किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर शोधून लोड करते. ड्रायव्हर त्या मशीनच्या कर्नलला आणि हार्डवेअरला जुळलेला असतो. तुमच्या बिल्ड कंटेनरमधली लिबजीएल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तो ड्रायव्हर शोधायला चुकीच्या डिरेक्टरीत जाते. अल्साचंही तसंच. लिबअसाउंडमध्ये तिच्या कॉन्फिगरेशनचा आणि प्लगइनचा पत्ता बिल्डच्या वेळीच कोरला जातो, त्यामुळे व्हीलमधून आलेली लिबअसाउंड चालते, पण तिला साउंड डिव्हाइसच सापडत नाही.

यातला सगळ्यात फसवा प्रकार सी++च्या रनटाइमचा, म्हणजे लिबएसटीडीसी++चा. ती व्हीलमध्ये टाकली आणि ती आधी लोड झाली, तर नंतर येणारा मेसाचा ड्रायव्हर तिच्यावरच येऊन बसतो. ड्रायव्हर नवीन, रनटाइम जुनी. मग 'जीएलआयबीसीएक्सएक्स'ची अमुक आवृत्ती सापडत नाही अशी ओळ येते, तिच्यामागून 'ड्रायव्हर लोड झाला नाही' येतं, आणि चित्रं सॉफ्टवेअर रेंडरिंगवर रांगत राहतात किंवा विंडो उघडतच नाही. लोक ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात, दोष तुमच्या व्हीलमध्ये असतो. मेनीलिनक्सच्या, म्हणजे बहुतेक लिनक्सवर चालतील अशी व्हील बांधण्यासाठी ठरवलेल्या, कंटेनरमधला कंपायलर सी++चे नवे भाग तुमच्या बायनरीतच स्टॅटिक जोडतो आणि उरलेल्यासाठी मशीनवरची जुनी लिबएसटीडीसी++ पुरेशी ठरते. म्हणून वेगळा कंपायलर आणून ही सोय मोडू नका.

लिनक्ससाठी बिल्ड नेहमी मेनीलिनक्सच्या अधिकृत कंटेनरमध्ये करा, स्वतःच्या उबुंटूवर नाही. ग्लिबसीची, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची, सुसंगती एकाच दिशेनं चालते: जुन्या ग्लिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. मेनीलिनक्स २०१४ हा कंटेनर सेंटओएस ७ आणि ग्लिबसी २.१७ वर आधारलेला आहे, पण सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ला संपला. नवीन कामाला मेनीलिनक्स २_२८ घ्या. तो अल्मालिनक्स ८वर आहे. डेबियन १०, उबुंटू २०.०४ आणि त्यापुढच्या सगळ्यांवर त्यातली बायनरी चालते. उबुंटू १८.०४ सुटतं, तिथं ग्लिबसी २.२७ आहे. अल्पाइनमध्ये ग्लिबसीच नाही, मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे, त्यासाठी मसललिनक्सचं वेगळं व्हील लागतं. अल्पाइनचे वापरकर्ते बहुतेक सर्व्हरवर चित्रं बनवणारे असतात. तुमचं मॉड्यूल विंडो उघडण्यासाठीच असेल तर ते व्हील पहिल्या फेरीत सोडून द्यायला हरकत नाही.

आता विंडो न उघडण्याबद्दल. एसडीएल २ एक्स११, वेलँड, पल्सऑडिओ आणि अल्सा यांना थेट लिंक करत नाही. चालू असताना मशीनवर जे सापडेल ते उघडते, आणि आपल्याला हवं आहे तेही हेच. मात्र बिल्डच्या वेळी त्यांच्या हेडर फाइली कंटेनरमध्ये नसतील तर तो बॅकएंड एसडीएलमध्ये जातच नाही. एसडीएल २चं बिल्ड याबद्दल अडून बसत नाही. कॉन्फिगरच्या शेवटी छापलेल्या तक्त्यात तो बॅकएंड बंद आहे एवढंच दिसतं, पुढे सगळं हिरवं. मग वापरणाऱ्याकडे 'व्हिडिओ डिव्हाइस उपलब्ध नाही' असा संदेश येतो. अल्मालिनक्सच्या कंटेनरमध्ये आधी डीएनएफनं ही डेव्हल पॅकेजं घाला: लिबएक्स११, एक्सएक्स्ट, एक्सकर्सर, एक्सआय, एक्सरँडर, एक्सस्क्रीनसेव्हर, एक्सकेबीकॉमन, वेलँड, मेसाचं ईजीएल, अल्सा, पल्सऑडिओ, डीबस आणि यूडेव्हसाठी सिस्टमडी. बिल्ड स्क्रिप्टमध्ये कॉन्फिगरचा तक्ता ग्रेपनं तपासा आणि एक्स११ किंवा वेलँड बंद दिसलं तर तिथंच थांबवा. एसडीएल ३नं हा धडा घेतला आहे. तिथं दोन्ही नसतील तर कॉन्फिगर स्वतःच अडतं.

ऑडिटव्हीलबद्दल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी व्हीलमध्ये भरणाऱ्या साधनाबद्दल, एक सावधगिरी. लिबजीएल, लिबएक्स११ अशा मोजक्या लायब्ररी मेनीलिनक्सच्या परवानगी यादीत आहेत, त्यांना ऑडिटव्हील हात लावत नाही. लिबईजीएल आणि लिबव्हल्कन मात्र त्या यादीत नाहीत. तुमच्या मॉड्यूलनं त्यांना थेट लिंक केलं असेल तर ऑडिटव्हील रिपेअर इमानेइतबारे त्या उचलून व्हीलमध्ये कोंबतं आणि वर सांगितलेला ड्रायव्हरचा घोळ सुरू होतो. 'एक्सक्लूड' पर्याय आहे, पण खरा उपाय म्हणजे लिंकच न करणं. ओपनजीएलची फंक्शनं एसडीएलच्या गेट-प्रोक-अॅड्रेसनं किंवा ग्लॅडनं मिळवा, व्हल्कनसाठी व्होल्क वापरा. दोन्ही काही फाइलींत सोर्समध्येच बसतात आणि अवलंबित्वाच्या यादीतून त्या लायब्ररी पूर्ण नाहीशा होतात.

वेबपी का दिसत नाही

ऑडिटव्हील, मॅकवरचं डेलोकेट आणि विंडोजवरचं डेल्व्हव्हील ही तिन्ही साधनं एकच गोष्ट वाचतात: बायनरीच्या लिंक तक्त्यातली नावं. चालू असताना डीएलओपननं उघडलेली लायब्ररी त्यांना दिसत नाही. एसडीएल इमेज नेमकं हेच करते. वेबपी, टिफ, एव्हीआयएफ यांच्या लायब्ररी ती डीफॉल्टनं पहिली तशी फाइल येईल तेव्हा नावानं शोधते. पीएनजी आणि जेपेगसाठी २.६.० आवृत्तीपासून तिच्यात एसटीबी-इमेज हा छोटा डीकोडर आत आलेला आहे. म्हणून पीएनजी चालते आणि वेबपी अडते. तुमच्या स्वतःच्या मशीनवर लिबवेबपी सिस्टमचीच इन्स्टॉल असल्यामुळे तुम्हाला हे कधी कळत नाही.

लिबवेबपी हातानं व्हीलमध्ये टाकून भागत नाही. ऑडिटव्हील भरलेल्या प्रत्येक लायब्ररीच्या नावात हॅशचा तुकडा घालतं आणि लिंक तक्त्यात ते नवं नाव लिहितं. डीएलओपनला दिलेलं नाव मात्र एसडीएल इमेजच्या आत साध्या स्ट्रिंगसारखं असतं, ते जुनंच राहतं. मशीन जुनं नाव शोधतं, फाइल नव्या नावाची. उपाय बिल्डमध्येच आहे: सीमेकमध्ये एसडीएल इमेजचा 'डेप्स-शेअर्ड' पर्याय ऑफ करा, म्हणजे ती डीकोडरांना थेट लिंक करते. आवाजासाठीच्या एसडीएल मिक्सरचंही हेच, तिथं ऑग, फ्लॅक आणि एमपीजी१२३च्या बाहेरच्या लायब्ररी वापरल्या तर त्या अशाच अडकतात. एसडीएलच्या स्वतःच्या एक्स११ वगैरेंच्या डायनॅमिक लोडिंगला मात्र हात लावू नका. दोन्हीकडे युक्ती एकच असली तरी एका ठिकाणी ती हवी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नको आहे.

एसटीबी-इमेजबद्दल एक मत. मॉड्यूल खेळांसाठी किंवा शिकवण्यासाठी असेल आणि फक्त पीएनजी-जेपेग लागत असतील तर लिबपीएनजी आणि लिबजेपेग भरूच नका. एक हेडर फाइल, लायसन्स पब्लिक डोमेन किंवा एमआयटी, भांडण संपलं. फोटोंवर काम असेल तर ते पुरत नाही. रंगाचं आयसीसी प्रोफाइल ते बघत नाही, अरिथमेटिक कोडिंगचे जेपेग उघडत नाही, आणि मोठ्या जेपेगांवर लिबजेपेग-टर्बोच्या सिम्डपुढे, म्हणजे एका सूचनेत अनेक आकडे हाताळणाऱ्या कोडपुढे, मागे पडतं.

स्टॅटिक की डायनॅमिक

डीकोडर स्टॅटिक, म्हणजे मॉड्यूलच्या बायनरीतच जोडलेले; एसडीएल डायनॅमिक, म्हणजे वेगळ्या फाइलीत. यामागे हिशेब आहे. डीकोडरकडे स्वतःची जागतिक स्थिती नसते, म्हणून एकाच प्रोसेसमध्ये लिबपीएनजीच्या दोन प्रती असल्या तरी बिघडत नाही, फक्त त्यांनी एकमेकींत मिसळू नये. एसडीएल पूर्णपणे स्थितीवर चालते. तुमच्या पॅकेजात डिस्प्ले, इमेज, फॉन्ट अशी वेगवेगळी एक्स्टेन्शन मॉड्यूलं असतील आणि प्रत्येकात एसडीएल स्टॅटिक गेली, तर तितक्या एसडीएल तयार होतात. एकीला इनिट केलं तरी दुसरी कोरीच राहते. विंडो आहे, पण इव्हेंट येत नाहीत, असा अनाकलनीय बग मिळतो.

मिसळण्याचा धोका लिनक्सवर खरा आहे. पायथन एक्स्टेन्शनला लोकल स्कोपमध्ये उघडतो, त्यामुळे दोन मॉड्यूलं सहसा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पण सिम्बॉल, म्हणजे फंक्शनांची नावं, शोधताना लिंकर आधी मुख्य प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ररी बघतो, नंतर तुमच्या. पायथन दुसऱ्या मोठ्या प्रोग्रामच्या आत चालत असेल आणि त्या प्रोग्रामला लिबपीएनजी किंवा लिबजेपेग लिंक असेल, तर तुमचा कोड तुमच्या हेडरनं कंपाइल झालेला आणि चालतो त्यांच्या लायब्ररीवर. लिबजेपेग निदान स्पष्ट बोलते: लायब्ररी ६२ आहे, बोलावणारा ८० अपेक्षितो. डेबियनची लिबजेपेग ६२ क्रमांकाची आणि उबुंटूची ८, म्हणजे संदेशातली ८०, त्यामुळे हा संदेश बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. फ्रीटाइपमध्ये असं झालं तर संदेश नाही, थेट सेगफॉल्ट.

म्हणून सगळ्या स्टॅटिक लायब्ररी 'पिक' आणि 'व्हिजिबिलिटी हिडन' या फ्लॅगांनी कंपाइल करा, आणि शेवटच्या लिंकला 'एक्सक्लूड-लिब्स ऑल' द्या. नंतर एनएमनं डायनॅमिक सिम्बॉल बघा. बाहेर दिसायला हवं ते एकच, पायइनिटनं सुरू होणारं. लिबपीएनजीची नावं यादीत दिसली तर काम झालेलं नाही.

बांधणीचा क्रम ठरलेला आहे: झेडलिब, मग लिबपीएनजी, लिबजेपेग-टर्बो, लिबवेबपी, फ्रीटाइप, हार्फबझ, एसडीएल २, एसडीएल इमेज, एसडीएल टीटीएफ. प्रत्येक ठिकाणी प्रीफिक्स एकच द्या आणि पीकेजी-कॉन्फिगचा शोधमार्ग तिकडेच वळवा. इथं रेड हॅट कुळातल्या कंटेनरची एक खोड आहे. ऑटोटूल्स 'लिब'मध्ये टाकतं आणि सीमेक 'लिब६४'मध्ये. शोधमार्ग फक्त पहिल्याचा दिला असेल तर पुढची लायब्ररी तुमची नवी झेडलिब न बघता सिस्टमची जुनी उचलते आणि बिल्ड यशस्वी होतं. सीमेकला इन्स्टॉलची लिब डिरेक्टरी स्पष्टपणे 'लिब' सांगा.

लिबजेपेग-टर्बोला एक्स८६वर नॅझम किंवा याझम असेंब्लर लागतो. नसेल तर सीमेक इशारा देऊन पुढे जातं आणि सिम्डशिवायची, म्हणजे कित्येक पट हळू, लायब्ररी बनते. 'रिक्वायर-सिम्ड' ऑन ठेवा म्हणजे बिल्ड तिथंच पडेल. फ्रीटाइपमध्ये बीझिप२ बंद करा. ते जुन्या दाबलेल्या बिटमॅप फॉन्टांसाठी आहे, आणि त्याच्या लायब्ररीचं नाव डेबियन आणि रेड हॅट यांच्यात वेगळं असल्यामुळे कटकट तेवढी जास्त. ब्रॉटली डब्ल्यूओएफएफ२साठी लागतं. वेब फॉन्ट वाचायचे नसतील तर तेही नको. हार्फबझ मेसननं बांधताना ग्लिब, जीऑब्जेक्ट, कैरो आणि आयसीयू हे चारही डिसेबल्ड ठेवा. आयसीयूचा नुसता डेटाच ३० एमबीच्या आसपास असतो, आणि युनिकोडचे हवे ते तक्ते हार्फबझमध्ये आधीच आहेत. फ्रीटाइप मात्र एनेबल्ड हवं. एसडीएल टीटीएफ फ्रीटाइपचा फेस पॉइंटर हार्फबझच्या हातात देते, म्हणून दोघांकडे एकच फ्रीटाइप असणं सक्तीचं आहे.

वेलांटी जागेवर का येत नाही

फ्रीटाइप आणि हार्फबझ एकमेकांवर अवलंबून आहेत हे वाचून बरेच जण फ्रीटाइप दोनदा बांधतात: आधी हार्फबझविना, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप. आणि तरी वेलांटी चुकते. फ्रीटाइपला हार्फबझ लागतं ते फक्त ऑटोहिंटरसाठी. अक्षरजुळणी फ्रीटाइप कधीच करत नाही, ती एसडीएल टीटीएफनं हार्फबझला थेट बोलावून करायची असते. ही सोय एसडीएल टीटीएफमध्ये २.०.१८पासून आहे, तीही बिल्डमध्ये हार्फबझचा पर्याय ऑन असेल तरच. तेव्हा फ्रीटाइप एकदाच, हार्फबझविना बांधा, आणि लक्ष टीटीएफच्या पर्यायाकडे द्या.

त्यानंतर फॉन्टला लिपी सांगा. २.२०.०पासून सेट-फॉन्ट-स्क्रिप्ट-नेम आहे, त्याला देवनागरीचा चार अक्षरी आयएसओ कोड द्यायचा. तुमचं मॉड्यूल पायथनमधून हे फंक्शन उघडत नसेल तर उघडा. पायगेम-सीईमध्ये ते सेट-स्क्रिप्ट या नावानं आहे. मराठीसाठी भाषाही सांगता आली तर उत्तम. काही फॉन्टांत 'ल' आणि 'श'ची मराठी वळणं भाषेचा टॅग मिळाल्यावरच येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं. एसडीएल २च्या टीटीएफमध्ये भाषेची सोय नाही, एसडीएल ३च्या टीटीएफमध्ये आहे.

तपासणीसाठी 'कि' वापरू नका. चुकीच्या आणि बरोबर जुळणीत फक्त क्रम बदलतो, रुंदी जवळपास तीच राहते, आणि स्वयंचलित चाचणीला फरक कळत नाही. 'क्ष' घ्या. जुळणी चालू असेल तर 'क्ष'ची रुंदी 'क' आणि 'ष' यांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. जोडीला 'दुसऱ्या' आणि 'सर्व' यांची चित्रं डोळ्यांनी एकदा बघा.

पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीच्या व्हीलमध्ये हीच अडचण वेगळ्या कारणानं येते, आणि ते कारण तुमच्याही उपयोगाचं आहे. त्यात ८.२.०पासून मजकूर मांडणारी रॅक्म आणि हार्फबझ आत आहेत, पण रॅक्मला लागणारी फ्रिबिडी नाही. ती एलजीपीएल लायसन्सची असल्यामुळे व्हील तिला चालू असताना मशीनवर शोधतं. सर्व्हरच्या छोट्या कंटेनरमध्ये फ्रिबिडी नसते, मग पिलो गुपचूप साध्या मांडणीवर येतं आणि प्रमाणपत्रावरचं मराठी नाव मोडकं छापलं जातं. डेबियनवर फ्रिबिडीचं एक पॅकेज घातलं की प्रश्न मिटतो.

पॅच, स्ट्रिप, आणि त्यांचा क्रम

ऑडिटव्हील लायब्ररी पॅकेजच्या शेजारी '.लिब्स' डिरेक्टरीत ठेवतं आणि पॅचएल्फनं आरपाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या याचा बायनरीत लिहिलेला मार्ग, 'ओरिजिन'सापेक्ष, म्हणजे त्या फाइलच्या स्वतःच्या जागेपासून, लिहितं. हे काम हातानं करत असाल तर आरपाथ आणि रनपाथ यांतला फरक लक्षात घ्या. रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट अवलंबित्वांना लागू होतो, नातवंडांना नाही. मॉड्यूलला एसडीएल इमेज सापडते, पण एसडीएल इमेजला एसडीएल सापडत नाही, ते यामुळे. प्रत्येक लायब्ररीला तिचा स्वतःचा ओरिजिन द्या किंवा पॅचएल्फला 'फोर्स-आरपाथ' सांगा.

डीबगची माहिती काढून टाका, नाहीतर व्हील कित्येक पट फुगतं. पिप जिथून पॅकेजं घेतं त्या पायपीआयची एका फाइलची डीफॉल्ट मर्यादा १०० एमबी आहे. पण हे काम करणारी स्ट्रिप पॅचएल्फच्या आधी चालवा. नंतर चालवली तर फाइलचे विभाग हलतात आणि लोड होताना 'अलाइनमेंट बरोबर नाही' अशी चूक येते.

मॅकवर एकच मोठी चूक सगळे करतात: होमब्रूच्या लायब्ररी उचलणं. त्या बिल्ड मशीनच्या मॅकओएससाठी बांधलेल्या असतात, त्यामुळे व्हील त्याहून जुन्या मॅकवर चालत नाही. डिप्लॉयमेंट टार्गेट ठरवून, इंटेलला १०.१३ आणि एआरएमला ११.०, सगळं सोर्सपासून बांधा. इन्स्टॉल-नेम बदललं की कोड सिग्नेचर मोडते, आणि एआरएम मॅकवर सही नसलेली बायनरी सिस्टम सरळ मारून टाकते. डेलोकेट पुन्हा अॅड-हॉक सही करतं. हातानं बदल केला तर कोडसाइन तुम्हालाच चालवावं लागतं. मॅकवर सी सिम्बॉलची सरमिसळ सहसा होत नाही, पण ऑब्जेक्टिव्ह-सीचे क्लास सगळ्या प्रोसेसमध्ये सामाईक असतात. दुसऱ्या एखाद्या पॅकेजनंही आपली एसडीएल आणली असेल तर 'हा क्लास दोन्हीकडे आहे, कोणता वापरला जाईल सांगता येत नाही' असा इशारा दिसतो. तो दुर्लक्षण्याजोगा नाही, विंडो कधीही कोसळू शकते. तुमच्या बाजूनं एसडीएलची प्रत एकच ठेवा. दुसऱ्या पॅकेजाला एसडीएल खरंच लागते का, हे त्यांना विचारावं लागतं.

विंडोजवर इम्पोर्ट अडतो तेव्हा 'सांगितलेलं मॉड्यूल सापडलं नाही' एवढंच येतं. ते तुमच्या एक्स्टेन्शनबद्दल नसतं, त्याला लागणाऱ्या कुठल्यातरी डीएलएलबद्दल असतं, आणि नाव सांगत नाही. डम्पबिनच्या 'डिपेंडंट्स'नं यादी काढा. पायथन ३.८पासून एक्स्टेन्शनच्या डीएलएल पाथ व्हेरिएबलमधून शोधल्या जात नाहीत, ओएस मॉड्यूलच्या अॅड-डीएलएल-डिरेक्टरीनं जागा सांगावी लागते. डेल्व्हव्हील ती ओळ इनिट फाइलमध्ये आपणच घालतं. व्हीसीरनटाइम१४० पायथनसोबत येते. सी++साठीची एमएसव्हीसीपी१४० येत नाही, ती तुम्हीच द्यायची. विंडोजवर एका नावाची डीएलएल प्रोसेसमध्ये आधीच असेल तर दुसऱ्यालाही तीच मिळते. झेडलिब१ नावाच्या डीएलएलचा इतिहास यावरच उभा आहे, म्हणून डेल्व्हव्हीलनं नावात घातलेला हॅश काढू नका. आणि लिबपीएनजीला फाइल पॉइंटर देऊ नका. सी रनटाइम वेगळी निघाली की तिथं क्रॅश होतो. वाचण्याचं फंक्शन स्वतःचं द्या, एसडीएलचं आरडब्ल्यूऑप्स त्यासाठीच आहे.

चाचणी बिल्डच्या मशीनवर करण्यात अर्थ नाही. पायथनच्या 'स्लिम' कंटेनरमध्ये, ज्यात काहीच नाही, फक्त व्हील घाला. व्हिडिओ ड्रायव्हर 'डमी' ठेवून इम्पोर्ट करा, प्रत्येक फॉरमॅटची एक छोटी फाइल उघडा आणि 'क्ष' मोजा. मग त्या प्रोसेसचा मेमरी मॅप वाचा. त्यात लिबपीएनजी किंवा फ्रीटाइप सिस्टमच्या डिरेक्टरीतून आलेली दिसली तर व्हील अपुरं आहे, आणि लिबजीएल किंवा लिबएसटीडीसी++ तुमच्या '.लिब्स'मधून आलेली दिसली तर व्हील जास्त भरलेलं आहे. सीआयबिल्डव्हील हे सगळ्या प्लॅटफॉर्मची व्हील बांधणारं साधन वापरत असाल तर हे सगळं 'टेस्ट-कमांड'मध्ये बसतं आणि लायब्ररींची बांधणी 'बिफोर-ऑल'मध्ये.

लायसन्सचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. एसडीएल २ झेडलिब लायसन्सवर आहे, त्रास नाही. लिबजेपेग फक्त बायनरी म्हणून देताना दस्तऐवजात इंडिपेंडंट जेपेग ग्रुपचा ठरलेला उल्लेख हवा. फ्रीटाइपच्या स्वतःच्या लायसन्सलाही श्रेय लागतं. दुसरा पर्याय जीपीएल २चा आहे, तो तुम्हाला नको असणार. एमपीजी१२३ आणि फ्रिबिडी एलजीपीएल आहेत, त्या द्यायच्याच असतील तर डायनॅमिक ठेवा म्हणजे वापरणाऱ्याला बदलता येतात. एक्स२६५सारखी जीपीएल लायब्ररी एचईआयएफ चित्रांच्या लायब्ररीमागून आत शिरत नाही ना हे पाहा. मराठीसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट देत असाल तर दोन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, त्याचा मजकूर सोबत ठेवा. सगळ्या लायसन्सच्या फाइली व्हीलच्या डिस्ट-इन्फोमध्ये जायला हव्यात, गिटच्या रिपॉझिटरीत असून उपयोग नाही.

भरलेल्या लायब्ररीचा सुरक्षेचा भार तुमच्यावर येतो, कारण डिस्ट्रोचं अपडेट तुमच्या व्हीलमधल्या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये लिबवेबपीमधली सीव्हीई-२०२३-४८६३ ही सुरक्षेची त्रुटी समोर आली, एक घडवलेलं चित्र उघडलं की मेमरी ओव्हरफ्लो. दुरुस्ती १.३.२मध्ये होती, आणि पिलोला फक्त तेवढ्यासाठी १०.०.१ काढावी लागली. ऑक्टोबर २०२०मध्ये फ्रीटाइपच्या सीव्हीई-२०२०-१५९९९मुळेही असंच झालं होतं, तेव्हा दुरुस्ती २.१०.४मध्ये होती. लायब्ररींच्या आवृत्त्या आणि टारबॉलचे एसएचए२५६ एकाच फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे आवृत्ती बदलून व्हील पुन्हा काढणं एका कमिटचं काम राहील. हॅश तपासल्याशिवाय टारबॉल उघडू नका. टिफ देत असाल तर त्याच्यामागून येणाऱ्या एक्सझेड या कम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या कुठेही नकोत, मार्च २०२४मध्ये त्यांत मागचं दार सापडलं होतं. पण हॅशचा बंदोबस्त तिथं पुरला नसता. बिघाड अधिकृत टारबॉलमध्येच होता, म्हणून आवृत्ती निघाली त्याच दिवशी ती उचलण्याची घाई, सुरक्षेची दुरुस्ती नसेल तर, करू नका. व्हीलमध्ये काय भरलं आहे त्याची यंत्राला वाचता येईल अशी यादी डिस्ट-इन्फोमध्ये ठेवायची जागा पायथनच्या पीईपी ७७० या प्रस्तावानं ठरवून दिली आहे, ती वापरा.

शेवटचा मुद्दा सोर्स पॅकेजचा. त्यात तयार बायनरी टाकू नका, आणि सिस्टमच्या लायब्ररी वापरून बांधण्याचा पर्याय चालू ठेवा. डेबियन किंवा कोंडा-फोर्जचे पॅकेजर भरलेल्या प्रती काढूनच टाकतात. पर्याय नसेल तर ते तुमच्या बिल्ड फाइलीला पॅच लावतात, आणि तो पॅच दर आवृत्तीला तुटला की बगची तक्रार तुमच्याकडेच येते.